पुढची केबिन, मागची केबिन : घरच्यांशी जागा बदलताना

मंडळी, आजचा विषय फळ्यावर वाचून काही जणांना वाटलं असेल, की मुखेडमध्ये बसून विमानातल्या केबिनची चर्चा कशाला? आपल्याकडे विमानतळ सोडा, रेल्वेचं स्टेशनसुद्धा नाही. बाहेरची माणसं मुखेड आणि मुदखेड यांत घोटाळा करतात, पण जंक्शन आहे ते मुदखेडला. आपल्याला गाडी धरायची तर नांदेड नाहीतर उदगीर गाठावं लागतं. असं असलं तरी इथल्या किती घरांतली लेकरं पुण्याला, बेंगळुरूला, हैदराबादला, काही अमेरिकेला आहेत ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. त्यांच्यामागे आई-वडील जातात. सुनेच्या बाळंतपणाला जातात, नातवाच्या मुंजीला जातात, दवाखान्याला जातात. आणि मग हा प्रश्न येतो.

या मालेसाठी जे प्रश्न आमच्याकडे येतात त्यांतला एक, थोडा आवरून सांगतो. मुलाला कंपनीनं पुढच्या वर्गाचं, म्हणजे बिझनेस क्लासचं तिकीट दिलं. त्याच विमानात आई-वडील मागे इकॉनॉमीत. मुलगा म्हणतो, मी पुढे पाय पसरून बसायचं आणि आईनं मागे गुडघे आवळून, हे मला जमणार नाही. मी माझी जागा तिला देतो. सून म्हणते, असं करता येत नाही, लोक बघतील. वडील म्हणतात, मला काही नको, तिलाच बसवा. आणि आईला कुणी विचारलेलंच नाही.

यात तीन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. जागा बदलता येते का, हा नियमाचा प्रश्न. बदलताना कुणाला त्रास होतो, हा शिष्टाचाराचा. आणि जिला ती जागा मिळणार तिला ती हवी आहे का, हा घरातला. लोक पहिल्या दोनांवर भांडतात. आमच्या मते अडचण बहुतेक वेळा तिसऱ्यात असते. पण क्रमानं जाऊ.

आधी आपली सवय कुठून आली ते बघू, कारण ती समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. आपण सगळे एसटीत वाढलेले. एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल आत जातो, कधी टोपी, कधी पिशवी, आणि आम्ही तर लेकरूच खिडकीतून आत सोडलेलं पाहिलं आहे. रुमाल पडला की जागा धरली. कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात हे नाही, पण सगळा मराठवाडा हा नियम पाळतो. आणि त्याचबरोबर दुसराही एक नियम पाळतो. तीन जणांच्या बाकावर चौथी म्हातारी येऊन उभी राहिली की "सरका ओ जरा" एवढं म्हटलं की पुरे, तीन माणसं चौघांची जागा करतात. जागा धरायची घाई आणि धरलेली जागा वाटून घ्यायचा मोठेपणा, दोन्ही एकाच माणसात. तिथे जागेला आकार नसतो, माणसांप्रमाणे ती लांबते.

नंबराच्या आसनाला मात्र आकार आहे, आणि त्याची किंमत वेगळी मोजलेली आहे. विमानात तर खिडकीचे पैसे वेगळे, पुढच्या रांगेचे वेगळे, जास्त पाय पसरता येणाऱ्या जागेचे वेगळे. तेव्हा तुम्ही शेजारच्या माणसाला "दादा, जरा तिकडं बसता का" म्हणता तेव्हा तुमच्या कानाला ते एसटीतलं "सरका जरा" वाटतं. त्याच्या कानाला ते "तुम्ही पैसे दिलेली वस्तू मला द्या" असं ऐकू येतं. तुमच्यात कुणीच उद्धट नसतं. दोन वेगळ्या गाड्यांचे नियम एकाच गाडीत आलेले असतात, एवढंच.

एकाच कुटुंबानं दोन वर्गांत विभागून प्रवास करणं हे काही विमानानं आणलेलं नाही. निजामाच्या राज्यात नांदेडला मीटरगेज गाडी आली ती 1900 च्या आसपास, हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे म्हणून. त्या काळी देशभरच्या गाड्यांत पहिला, दुसरा, मधला, तिसरा असे वर्ग असायचे. बायकांचा डबा वेगळा. पहिल्या वर्गाच्या प्रवाशांच्या नोकरांसाठी शेजारी वेगळा छोटा डबा असायचा, साहेबांना काही लागलं तर स्टेशन आल्यावर नोकर उतरून येणार. नवरा एका डब्यात, बायको-लेकरं बायकांच्या डब्यात, हे तर नेहमीचंच. दर स्टेशनला नवरा उतरून फलाटावरून पाण्याचा तांब्या घेऊन पळतोय, असं चित्र आपल्या आजोबांच्या पिढीनं पाहिलेलं आहे. तिसरा वर्ग 1974 मध्ये कागदावरून गेला. पण घरातलं कोण कुठल्या डब्यात बसणार हा प्रश्न काही गेला नाही, त्याचे नुसते डबे बदलले.

आता रेल्वेचा नियम बघा, कारण तो फारच थोड्यांना माहीत असतो. रेल्वे कायदा 1989, त्याचं 53 वं कलम. ज्याच्या नावावर तिकीट त्यानंच ते वापरायचं, हे त्याचं मुख्य म्हणणं. पण पुढे लगेच म्हटलंय, की एकाच गाडीतून जाणाऱ्या प्रवाशांनी आपसात आसन किंवा बर्थ बदलायला या कलमाची आडकाठी नाही. म्हणजे अदलाबदल ही टीसीनं डोळेझाक केली म्हणून चालणारी चोरटी गोष्ट नाही. तिला कायद्यात जागा आहे. मात्र वर्ग बदलत असेल, म्हणजे स्लीपरच्या तिकिटावरचा माणूस एसीत जाऊन बसणार असेल, तर टीसीला आधी सांगितल्याशिवाय उठू नये. त्याच्या यादीत त्या बर्थवर दुसरं नाव आहे. तो येऊन विचारतो तेव्हा बर्थवर बसलेला माणूस एकटा असतो, खुलासा करणारा मुलगा पाच डबे मागे असतो. खालच्या वर्गाचं तिकीट घेऊन वरच्या वर्गात बसलेला प्रवासी म्हणून भाड्यातला फरक आणि वर दंड, दंड कमीत कमी 250 रुपये, असा हिशोब सुरू होतो. पैशाचं सोडा. साठी ओलांडलेल्या माणसाला सगळ्या डब्यासमोर "उठा, ही तुमची जागा नाही" ऐकावं लागतं ना, ते वाईट. दोघांनी मिळून टीसीकडे जायचं, दोन्ही तिकिटं दाखवायची, तो हो म्हणाला तरच बदलायचं. तो नाही म्हणाला तर वाद घालू नका, रिकामी जागा असेल तर फरक भरून रीतसर वरच्या वर्गात जाता येतं का ते विचारा.

प्रवासच एकाच्या ऐवजी दुसरा करणार असेल तर त्याची सोय वेगळी आहे. आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको यांच्या नावावर आरक्षण बदलून मिळतं, गाडी सुटायच्या 24 तास आधी आरक्षण कार्यालयात अर्ज करावा लागतो. चुलतभाऊ यात बसत नाही, जावईही नाही. (हशा) जावयाला नवं तिकीट काढा, तेवढा मान ठेवा.

रेल्वेतली खरी पंचाईत खालच्या बर्थची. साठीपुढचे पुरुष आणि 45 वर्षांपुढच्या बाया यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे. पण तो एकट्यानं किंवा त्या वयाच्या दोघांनी एका तिकिटावर प्रवास करायचा असेल तरच. घरातल्या पाच जणांचं एकच तिकीट काढलं की आईचं वय त्या कोट्यात धरलं जात नाही. म्हणजे आईचं तिकीट वेगळं काढलं तर तिला खालचा बर्थ मिळण्याची शक्यता वाढते, पण ती आपल्यापासून दोन डबे लांब जाऊ शकते. एकत्र काढलं तर ती जवळ राहते, पण कदाचित वरच्या बर्थवर. गुडघे दुखणाऱ्या बाईनं त्या शिडीवर कसं चढायचं? इथे आमचं मत स्पष्ट आहे. रात्रीच्या गाडीत खालचा बर्थ महत्त्वाचा. देवगिरीनं, नंदीग्रामनं मुंबईला जाताना निम्मा प्रवास झोपेतच जातो, तेव्हा गप्पांना तुम्ही जवळ नसलात तरी चालतं. पण रात्री दोनदा उठावं लागतं आणि तेव्हा खाली उतरायला शिडी नको. फक्त औषधांची पिशवी तिच्याजवळ द्या. एसी आणि स्लीपर यांच्यामधला दरवाजा रात्री बऱ्याचदा बंद करतात, मग मुलगा एका बाजूला, गोळ्या त्याच्या खिशात, आणि आई दुसऱ्या बाजूला.

दिवसाच्या गाडीचं गणित उलटं. जालना-मुंबई वंदे भारत ऑगस्ट 2025 मध्ये नांदेडपर्यंत आली. तिच्यात चेअर कार आणि एक्झिक्युटिव्ह असे दोन वर्ग आहेत, मुंबईपर्यंत साडेनऊ तासांच्या आसपास बसून जायचं असतं. चेअर कारमध्ये एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन खुर्च्या, एक्झिक्युटिव्हमध्ये दोन-दोन. खुर्ची रुंद आहे खरी. पण दिवसभर जागं राहायचं, बाहेर बघायचं, बोलायचं. तिथे रुंद खुर्चीपेक्षा शेजारचं माणूस जास्त उपयोगी पडतं. फक्त प्रतिष्ठेसाठी म्हाताऱ्याला एकट्याला पुढच्या डब्यात पाठवणं आम्हाला पटत नाही.

आता विमानाकडे येऊ. 2024 मध्ये स्टार एअरनं नांदेडच्या श्री गुरु गोविंद सिंगजी विमानतळावरून जी एम्ब्रेअर 175 विमानं सुरू केली त्यांत 76 आसनं, त्यांतली 12 बिझनेसची आणि 64 इकॉनॉमीची. म्हणजे पुढच्या-मागच्या केबिनचा प्रश्न आपल्या जिल्ह्याच्या धावपट्टीवरसुद्धा आलेला आहे. मध्ये पडदा, नाहीतर नुसती वेगळ्या रंगाची खुर्ची. दिसायला चार पावलांचं अंतर. पण ही चार पावलं रेल्वेतल्या पाच डब्यांपेक्षा अवघड आहेत, कारण इथे ठरवणारा टीसी नाही, केबिन क्रू आहे, आणि त्यांच्यावर विमानाचा कॅप्टन. त्यांचं ऐकणं ही नुसती सभ्यता नाही, नियमच आहे.

कंपन्यांचे रिवाज सारखे नाहीत. काही ठिकाणी एकाला एक अशी अदलाबदल, एकदाच, उड्डाणाच्या आधी चालते. काही ठिकाणी एका तिकिटावरच्या घरच्यांनाच चालते. काही ठिकाणी केबिन बदलूच देत नाहीत. म्हणून नातेवाइकांनी मागच्या वेळी केलं होतं हा पुरावा धरू नये. विचारायची जागा आधी चेक-इनचा काउंटर, मग विमानात शिरताना दारातली एअर होस्टेस. पडद्यापाशी उभं राहून, वाट अडवून नव्हे.

अदलाबदल आणि रिकाम्या जागेवर जाऊन बसणं यांतला फरक नीट लक्षात घ्या. दोन माणसांनी जागा बदलल्या तर विमानातली माणसं तेवढीच राहतात, पुढे तेवढी आणि मागे तेवढी. पण पुढे चार खुर्च्या मोकळ्या दिसल्या म्हणून मागचं सगळं कुटुंब उठून तिथे गेलं, तर तो न विकलेला माल आपण उचलल्यासारखं आहे. शिवाय लहान विमानात कोण कुठे बसलंय यावर वजनाचा तोल काढलेला असतो, म्हणून क्रू कधी कधी मोकळ्या रांगेतही सरकू देत नाहीत. ते खडूस नसतात, त्यांच्या कागदावर तो हिशोब असतो. तसंच आणीबाणीच्या दाराजवळची रांग. तिथे लहान मूल, गरोदर बाई, दार उघडायला हात चालणार नाहीत असं म्हातारं माणूस बसवत नाहीत. पाय पसरायला जागा आहे म्हणून मुलगा आपली ती जागा वडिलांना देऊ बघतो आणि क्रू नाही म्हणतात, तेव्हा त्यांचंच बरोबर असतं. तान्ह्या बाळाचंही तसंच आहे. वरून खाली येणारे ऑक्सिजनचे मुखवटे प्रत्येक ओळीत मोजून असतात, म्हणून दोन बाळं शेजारी शेजारी बसवायला ते तयार होत नाहीत.

लेकरांबद्दल एक चांगली गोष्ट झाली आहे. एप्रिल 2024 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, ज्याला आपण डीजीसीए म्हणतो, कंपन्यांना सांगितलं की 12 वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी किमान एकाच्या शेजारी जागा द्यायची. तेव्हा लेकरासाठी शेजाऱ्याच्या विनवण्या करण्याआधी काउंटरवर हे सांगा. मात्र "त्याच तिकिटावरच्या" हे शब्द महत्त्वाचे. स्वस्त पडतं म्हणून आईचं आणि मुलाचं तिकीट वेगवेगळं काढलं तर हा आधार राहत नाही.

आता शिष्टाचार. आम्हाला यात एकच गोष्ट मुख्य वाटते, ती अशी, की ज्याची जागा चांगली आहे त्यानं खाली उतरायचं, दुसऱ्याला खाली उतरवायचं नाही. मुलगा पुढे आहे, आई मागे आहे आणि दोघांना जवळ बसायचंय. मग मुलानं पुढच्या शेजाऱ्याला "तुम्ही मागे जाता का, माझी आई इथे येईल" असं विचारणं शोभत नाही. त्यानं मागे जाऊन आईच्या शेजाऱ्याला, क्रूच्या परवानगीनं, आपली पुढची जागा देऊ करावी. तिथे नकार सहसा येत नाही, हे सांगायला नको. परवानगी मिळाली नाही तर विषय संपला. एकाच केबिनमध्येसुद्धा हेच धोरण ठेवावं. कडेची जागा देऊन मधली घ्यायची, मधली देऊन कडेची मागायची नाही.

मागायचं कसं हेही शिकावं लागतं. आपल्याकडे "ओ भाऊ, तुम्ही तिकडं बसा, आम्ही फॅमिली आहोत" असं म्हणायची पद्धत आहे. ही विनंती नाही, हुकूम आहे, आणि त्यात समोरच्याला कुटुंब नसल्यासारखं बोललेलं आहे. त्यापेक्षा, "ताई, आईला पहिल्यांदाच विमानात आणलंय, मला तिच्याजवळ बसायचं होतं. माझी पुढची खिडकीची जागा आहे. तुम्हाला चालणार असेल तर बदलू, नसेल तरी काही हरकत नाही." शेवटचं वाक्य मनापासून म्हणायचं. नुसतं म्हणायचं आणि मग तोंड पाडून बसायचं, असं नको. आणि ज्याला नकार द्यायचा आहे त्यानंही लांबण लावू नये. "माफ करा, ही जागा मी मुद्दाम घेतली आहे," एवढं बास. कारण विचारू नये. कुणाची पाठ धरलेली असते, कुणाला मळमळतं, कुणाला खिडकी आवडते. खिडकी आवडणं हेही पुरेसं कारण आहे.

जेवणाची गोष्ट आमच्या भागासाठी फार महत्त्वाची आहे. आधी सांगून ठेवलेलं शाकाहारी किंवा जैन जेवण आसन क्रमांकावर लिहिलेलं असतं. माळकरी आई पुढे गेली, मुलगा मागे आला, आणि क्रूला कुणी सांगितलं नाही. मग मागे मुलापुढे तिचं शाकाहारी ताट येतं आणि पुढे तिच्यासमोर काहीही येऊ शकतं. झाकण उघडेपर्यंत तिला कळत नाही, कळल्यावर ती बोलत नाही, घरी येईपर्यंत पाण्यावर राहते. म्हणून जागा बदलली की पहिलं वाक्य जेवणाचं. आणि उपासाचा दिवस असेल तर पिशवीत राजगिऱ्याची वडी असू द्या, कुठल्याही वर्गात साबुदाणा मिळत नाही.

पुढच्या केबिनचं खाणं पडद्यामागे पाठवू नये, हेही सांगून टाकतो. हे ऐकून हसू येतं, पण होतं. आजी नातवासाठी मिठाई रुमालात बांधते, तिची माया आम्हाला कळते. तरी जो माल त्या केबिनच्या प्रवाशांसाठी आहे तो तिथेच राहू द्यावा. नातवानंही दर अर्ध्या तासानं आजीला भेटायला पुढे धावू नये. पुढच्या प्रवाशानं शांततेचेच पैसे दिलेले असतात. लांबच्या विमानांत, विशेषतः अमेरिकेकडे जाणाऱ्या, आपापल्या केबिनचंच स्वच्छतागृह वापरा असं सांगतात, म्हणजे येणं-जाणं आपोआपच कमी करावं लागतं.

आता तो तिसरा प्रश्न, ज्यासाठी आम्ही हा विषय घेतला.

मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला सरळ जायचं तर 15-16 तास लागतात. समजा मुलानं आपली आडवी होणारी खुर्ची आईला दिली. काय होतं? तिच्या खुर्चीला दहा बटणं. पट्टा कसा सोडायचा हे ती एकदा बघून विसरली. क्रूशी इंग्रजीत बोलायचं, फार तर हिंदीत. आपल्याकडच्या बाईला हैदराबादी वळणाची हिंदी येते, थोडं कानडी, थोडं तेलुगू येतं, देगलूरच्या बाजारात ती तिन्ही भाषांत भाव करते. पण तिथे सुटाबुटातली माणसं बघून तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. स्वच्छतागृह कुठे हे विचारायची लाज वाटते, म्हणून ती पाणीच पीत नाही. उठायला नको म्हणून हलत नाही. लांब प्रवासात पाणी कमी पिणं आणि तासन्तास न हलणं म्हणजे पायांना सूज, आणि काहींच्या बाबतीत पायातल्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका. डॉक्टर सांगतात अधूनमधून उठा, चाला, पाणी प्या. म्हणजे आपण तिला विमानातली सगळ्यात महाग खुर्ची दिली आणि ती तिथे चोरासारखी बसून राहिली. मुलगा मागे समाधानानं झोपला, की आईला सुख दिलं.

दुसरी आई अशीही आहे, की तिला पुढे बसवलं की ती शेजारच्या बाईशी ओळख काढून, गाव विचारून, दोन तासांत तिच्या लेकीचं स्थळ सुचवून मोकळी होते. तिला पुढेच पाठवा. आम्ही एवढंच म्हणतो, की ही कोणती आई आहे ते घरून निघण्याआधी तिलाच विचारा. विमानाच्या दारात नको. तिथे ती "तू म्हणशील तसं" म्हणणार, कारण मागे रांग उभी आहे.

कुणाला पुढे पाठवायचं हे ठरवताना घरात वयाचा मान आधी येतो. सासरे मोठे, ते पुढे. पण सातवा महिना चालू असलेली सून मागे मधल्या खुर्चीत, मांडीवर मोठं लेकरू, आणि साठीचे धडधाकट सासरे पुढे पेपर वाचताहेत, याला मान म्हणत नाहीत. पाठ, गुडघे, पोटातलं बाळ, साखर, हे आधी बघा. वय नंतर. तिकीट कुणी काढलं हे अगदी शेवटी. आणि नवरा-बायको दोघंही पुढे, आजी-आजोबा मागे लेकरांना सांभाळत, ही व्यवस्था तर करूच नये. ती जागेची वाटणी दिसते, आहे मात्र कामाची वाटणी.

कंपनीच्या पैशाच्या तिकिटाचं काय, असं मूळ प्रश्नात होतं. जागा आईला दिल्यानं कंपनीचं नुकसान नाही, पण पुढच्या केबिनचं तिकीट कंपनीनं तुम्ही उतरल्यावर ताजेतवाने कामाला जाल म्हणून दिलेलं असतं. उतरल्याबरोबर बैठक असेल आणि तुम्ही रात्रभर मागे अवघडून गेलात, तर तो हिशोब तुमचा आणि कंपनीचा. शंका असेल तर साहेबाला विचारून घ्या. परत येताना बैठक नसते, तेव्हा जागा द्या, कुणाचीच तक्रार राहत नाही.

आता वेळ आहे तेवढे प्रश्न घेऊ.

एकानं लिहिलंय, अर्धा वेळ आईनं पुढे बसायचं, अर्धा वेळ वडिलांनी, असं चालेल का? विचारून बघा, पण बहुतेक ठिकाणी मध्येच बदल आवडत नाही. अंथरूण एकाचं वापरलेलं, जेवण एकाला दिलेलं, झोपलेल्या शेजाऱ्याला ओलांडून जायचं. ठरवायचं ते निघताना, आणि तेच शेवटपर्यंत.

दुसरा प्रश्न, व्हीलचेअर सांगितली असेल तर? हा चांगला विचारला. व्हीलचेअर मागणाऱ्यांची यादी क्रूकडे नाव आणि आसन क्रमांकासह असते. जागा बदलली असेल तर उतरण्याच्या घोषणेआधी क्रूला पुन्हा एकदा सांगा, की आई आता या आसनावर आहे. नाहीतर ते मागे तुम्हाला शोधत येतात, ठणठणीत तरुण माणूस बघून चक्रावतात, आणि आई पुढच्या दारातून गर्दीबरोबर चालत निघून गेलेली असते. पासपोर्टही तिचा तिच्याजवळच द्या. गळ्यातल्या पिशवीत, पोलक्याच्या आत, जिथे ती एरवी पैसे ठेवते तिथे. पुढच्या केबिनमधली माणसं आधी उतरतात, इमिग्रेशनच्या रांगेत ती तुमच्या वीस मिनिटं आधी पोचलेली असेल.